रेघेला दात

आमच्या प्रयोगशाळेत बारा डबे आहेत आणि त्या डब्यांत दारू पिऊन वीज काढणारे जंतू आहेत. हे मी गमतीने सांगत नाही. सांडपाण्याच्या गाळातून आणलेले हे जंतू कार्बनच्या कापडाला चिकटून बसतात, इथेनॉल खातात आणि खाता खाता सुटलेले इलेक्ट्रॉन तारेत सोडतात. एका डब्यातून अर्धा व्होल्टसुद्धा मिळत नाही. बारा मिळून भिंतीवरचं एक घड्याळ चालतं. दारावरचा रखवालदार त्यांना बेवडे म्हणतो आणि मला बेवड्यांची ताई. मी त्यांना मंडळी म्हणते.

मंडळींचं जेवण रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. पाण्यात मिसळलेलं इथेनॉल सिरिंजमध्ये ओढायचं, रबरी बुचातून सुई आत घालायची, हळूहळू सोडायचं. हवा आत गेली की यांचं बिनसतं, इथेनॉल जास्त झालं तरी बिनसतं. रविवार त्यांना माहीत नाही, म्हणून सात वर्षं मलाही नव्हता. मग नोंदवहीत लिहायचं, 'जेवले. ९.१०.' सुरुवातीला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, "ताई, 'इथेनॉल दिले' असं लिहा ना." मी म्हटलं, "जेवायला मी घालते, तर लिहितेही मीच." त्यांनी नाद सोडला.

जेवण पोटात गेलं की संगणकाच्या पडद्यावरची विजेची रेघ वर चढते, दिवसभर वर राहते आणि पहाटेपर्यंत उतरत जाते. दुसऱ्या दिवशी परत वर. करवतीसारखे दात दिसतात. ही रेघ काढणारी पेटी माझ्या धाकट्या भावाने बनवून दिली होती. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सहा फूट उंच, दोन मुलांचा बाप, पण मी त्याला बारक्याच म्हणायची. म्हणायची म्हणजे, तीन वर्षं आमचा अबोला होता.

आई शेवटच्या आजारात माझ्याकडे होती. डॉक्टर म्हणाले होते, आज नाही तर उद्या. बारक्या उशाशी बसला होता. नऊ वाजता मी उठले आणि म्हटलं, "मंडळींना घालून येते." प्रयोगशाळा घरापासून दहा मिनिटांवर. मी परत आले तेव्हा अकरा वाजले होते आणि तो दारात उभा होता. "गेली," एवढंच म्हणाला. आठवड्याने पाहुणे पांगल्यावर मात्र त्याने तोंड उघडलं, "तुला आईपेक्षा त्या किड्यांची काळजी जास्त." मी उलट बोलले नाही. सांगण्यासारखं होतं, पण ते सांगितलं असतं तर त्याच्या नजरेतून आणखीच उतरले असते. तो चप्पल घालून गेला तो गेलाच.

त्यानंतर घरात मी आणि भिंती. एका गोष्टीचा तेवढा आधार होता. उद्या मी न्हाणीघरात पाय घसरून पडले, तर मंडळी उपाशी राहतील, रेघ खाली जाईल आणि कोणीतरी विचारेल, ताई का आल्या नाहीत. असल्या आधारावर माणूस जगतो हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गेल्या महिन्यात मॅडमनी पंप आणला. बुटाच्या खोक्याएवढा. बारा नळ्यांतून बारा डब्यांत दिवसरात्र थेंब थेंब. "महिनाभर बघू," मॅडम म्हणाल्या. "नीट चाललं तर तुम्हाला भांडारात घेऊ. तिथे बसून काम आहे, रविवारची सुट्टीही मिळेल. किती वर्षं राबणार?" त्या मनापासून बोलत होत्या, म्हणून रागावताही येईना.

गुरुवारी पंप जोडला. शुक्रवारी रेघ सरळ. वरही जाईना, खालीही येईना. सगळे खूश. रखवालदार पडद्यात डोकावून म्हणाला, "ताई, तुमचे बेवडे गेले की काय?" मी म्हटलं, "ते मजेत आहेत. मीच गेले." तो हसला. मी काही विनोद केला नव्हता. आता मी चार दिवस घरात मरून पडले असते, तरी रेघ तशीच सरळ राहिली असती.

रविवारी सवयीने आवरलं, पिशवी खांद्याला लावली आणि दारापाशी जाऊन परत आले. पिशवी खुंटीवर. नऊ वाजून दहा मिनिटं झाली. खुर्चीत बसून राहिले. फोनचं चार्जिंग रात्रीच संपलं होतं, पण मला फोन करणार कोण, म्हणून लावलाच नव्हता. अकराच्या सुमारास दारात खुडबुड झाली. कुलपात किल्ली फिरत होती.

माझ्या दाराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी आईच्या उशाखाली असायची, ती नंतर सापडलीच नव्हती.

दार उघडलं. बारक्या. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, घामाघूम. त्याने आधी जमिनीवर बघितलं, मग खुर्चीत मला बघितलं आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसला.

"फोन का बंद आहे तुझा?"

"चार्जिंग संपलं."

"वीज बनवतेस ना तू?"

त्यालाही हसू आलं नाही, मलाही नाही.

"रेघेला दात नाहीत," तो म्हणाला. "परवापासून. आधी वाटलं पेटी बिघडली. आज नऊ वाजून दहा झाले, दहा वाजले, दात नाहीच."

"तू रेघ बघतोस?"

"पेटी माझी आहे. फोनवर दिसते." मग मान खाली घालून म्हणाला, "रोज बघतो. तुझा दात वर गेला की मी शटर उघडतो."

रडू यायला लागलं की मी भांडते. "पंप बसवलाय तिथे. तीन वर्षं तोंड शिवून बसलास, तुला काय पेपरात जाहिरात देऊन कळवायचं होतं?"

मग मीच बोलले. तीन वर्षं जे गिळलं होतं ते. "त्या दिवशी मंडळी उपाशी राहिली असती तरी चाललं असतं. दोन दिवस सहज राहतात. मी त्यांच्यासाठी गेलेच नव्हते, बारक्या. आईचा तो श्वास मला ऐकवत नव्हता. पळून गेले मी."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्या दिवशीचा दात दहाला आहे. नऊला निघालीस, वाट दहा मिनिटांची." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "कुठे होतीस?"

"प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात. रडत बसले होते."

"मला वाटलंच. पण ते मी महिन्याने बघितलं. मग फोन करायला तोंड कुठे राहिलं होतं?"

तो अजून उंबऱ्यातच बसला होता, मी खुर्चीत. मग त्याने विचारलं, "आता रेघ सरळच राहणार?"

"हो."

"मग मला कसं कळायचं?"

"दार वाजवायचं. असा किल्ली लावून घुसलास तर खरंच जीव जायचा माझा."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. मी ती उचलून परत त्याच्या खिशात घातली आणि भात टाकायला गेले.

सोमवारी नोंदवही उघडली. पंप आल्यापासून रकाने कोरे होते. रविवारच्या रकान्यात मी लिहिलं. मॅडमनी जाता जाता वाचलं आणि थांबल्या.

"ताई, हे 'जेवला. दीड वाजता' काय आहे? 'जेवले' हवं ना?"

"नाही," मी म्हटलं. "काल एकटाच होता."