राखेत न निजलेला हूक

भट्टीवरच्या म्हातारीला सगळे मालकीणबाई म्हणत. तिला उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती. शाळेत ती सहीपुरतीच गेली, पण तापल्या लोखंडाचा रंग तिला बरोबर वाचता यायचा.

त्या दुपारी कॉलेजातली नात बाकावरच्या नव्या हुकाचं लेबल वाचत होती. "आज्जी, काकानं 'ब्रँड न्यू' छापून घेतलंय. याचा मूळ अर्थ ठाऊक आहे? ब्रँड म्हणजे पूर्वी जळतं लाकूड, आग. आगीतून नुकतंच काढलेलं ते ब्रँड न्यू."

"म्हणजे साहेबलोकांनाही भट्टी कळते म्हणायची," म्हातारी फणकारली. "पण आगीतून काढलं की झालं होय? आमच्यात एक रात्र राखेत निजवून हळूहळू निवू दिल्याशिवाय हूक दाराबाहेर पडत नाही."

बोलता बोलता तिची नजर राखेच्या ढिगावर गेली. ढीग सपाट होता. वर मांजराची पावलं उमटली होती, तीही जुनी. तिनं राखेत हात खुपसला. गार.

"अरे ए शहाण्या! हे हूक कधी निजवलेस?"

भात्याजवळचा धाकटा मुलगा, नातीचा काका, चाचरला. "आई, साइटवाल्यांना घाई होती. पाण्यात बुडवले. चकाकी बघ ना, कसे कोरे करकरीत दिसतात!"

म्हातारीनं बाकावरचा हूक ऐरणीवर ठेवला आणि घण घातला. एकाच घावात काचेसारखे दोन तुकडे झाले.

"याचा जोडीदार कुठंय?"

"सकाळीच दिला. क्रेनला लावलाही असेल."

त्याच साइटवर तिचा थोरला क्रेनखाली माल बांधायचा. नातीचा बाप. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं बापाला फोन लावून आज्जीच्या कानाला धरला. घंटी वाजत राहिली. मग यंत्रांच्या घरघरीतून आवाज आला.

"बोल आई, पण लवकर. वर माल चढतोय."

"तू कुठं उभायस?"

"कुठं म्हणजे? खालीच. धाकट्याचा हूक बघायला पाहिजे होतास, नुसता लखलखतोय!"

"बाजूला हो."

"काय? मोठ्यानं बोल!"

जन्मात कुणापुढं हात न पसरलेली ती बाई आता दोन्ही हातांनी फोन कवटाळून ओरडत होती, "पाया पडते बाळा, पळ! पळ तिथनं!"

थोरला हसला. "आता काय झालं तुला..."

पलीकडं कुणीतरी किंचाळलं. त्याचं हसणं मध्येच तुटलं.