मागच्या कोपऱ्यातली भेग

सासू लाकडं खाते, असं त्या घरात म्हणायचे. म्हणायला सुरुवात सुनेनं केली होती, हेही सांगून टाकलेलं बरं. घरातली कुचकी बोलणी आभाळातून पडत नाहीत, ती कुणाच्या तरी तोंडातून पडतात.

लाकडं फोडायची सून. नवरा सुतार, दिवसभर रंधा मारून आला की पाठ टेकायचा, आणि अंगणातले ओंडके हिच्या वाट्याला. पुढच्या खोलीतली नवी, दाराची लोखंडी शेगडी सकाळच्या टोपलीवर संध्याकाळ काढायची. मागच्या खोलीतली जुनी, सासूची, टोपलीवर टोपली मागायची. वर धुराड्यात वारा घोंगावल्यासारखा आवाज, आत लालभडक जाळ, आणि जरा वेळानं बघावं तर राख. सुनेचा दंड भरून यायचा आणि दंड भरला की तोंड सुटायचं.

"आई, जळण लावताय की जेवताय?"

"तुमची खाट वखारीतच टाकू या का? जवळ पडेल."

सासू हसायची. तिचा मुलगाही हसायचा. एकदा त्यानं आईचं नाव भट्टी ठेवलं, ते चिकटलं. "भट्टीला चहा दिलास का?" असं तिच्यादेखत विचारायचा, लाडात. लाडात म्हटलं की सगळं खपतं.

सासू एकदाच म्हणाली होती, "अगं, भडकते गं ही शेगडी. हवा कमी करायची पट्टी पुरती आत सारली तरी ऐकत नाही."

"सारत नसाल नीट."

विषय संपला. सुनेनं संपवला.

थंडी ऐन भरात होती तेव्हा एका सकाळी ती चहा घेऊन मागे गेली तर खोली बाहेरच्यापेक्षा गार. सासू खाटेवर दोन स्वेटर, शाल आणि त्यावर मुलाचा जुना कोट घालून बसलेली. ओठ जांभळे. शेगडीला हात लावला, लोखंड बर्फासारखं. बाजूला टोपली, तिच्यात आधल्या दिवशी आणून ठेवलेली लाकडं जशीच्या तशी.

"पेटवली का नाही?"

"इतकी काही थंडी नाही," सासू म्हणाली. दात वाजत होते.

सुनेला पहिल्यांदा काय वाटलं? दया नाही वाटली. राग आला. आता शेजारपाजारचे म्हणतील, सासूला गारठवून मारते. तिनं आदळआपट करत शेगडी पेटवली, चहा हातात दिला. कप घेताना सासूची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि मग मात्र रागाचं काय करावं ते तिला कळेना.

"आधी ती शेगडी कुणाला तरी दाखव," नवरा म्हणाला. "एवढं लाकूड जातं म्हणजे कुठंतरी गळत असणार."

"आत्ता सुचलं?"

"तुला तरी कधी सुचलं?"

गल्लीच्या टोकाचा वेल्डर आला. शेगडी गार करवून घेतली, दार उघडलं. दाराच्या कडेनं हवा अडवायला आग सोसणारी दोरी बसवलेली असते, ती तापून तापून खडूसारखी झाली होती. त्यानं कागदाची चिठ्ठी दारात धरून दार लावलं आणि ओढली. चिठ्ठी अलगद बाहेर आली.

"बघा. हे दार नाही, पडदा आहे. तरी एवढ्यानं इतकं लाकूड जाणार नाही. खिडकी झाका जरा."

नवऱ्यानं खिडकीवर चादर धरली. वेल्डरनं चालू बॅटरी शेगडीच्या पोटात ठेवली, दार लावलं. अंधारात दाराभोवती उजेडाची बारीक रेघ दिसली. तो मागच्या बाजूला वाकला.

"आयला. इकडं या वहिनी."

मागच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं दोन पत्रे जोडलेले होते, तिथं बोटभर लांब भेग होती. उजेड तिच्यातून भिंतीवर पडला होता.

"हिचं पोट फुटलंय. तुम्ही पुढून पट्टी बंद करताय, ही मागून हवा खातीय. मग कशी ऐकेल? म्हातारीनं जन्मभर पट्टी ओढली असती तरी जाळ खाली आला नसता." त्यानं दुमडलेल्या पत्र्यावर अंगठा फिरवला. "आपटलीय कुठं?"

"जुनी आहे," सून म्हणाली.

"जुनं झिजतं. हे आपटलंय."

वेल्डरनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्याचा चेहरा चादरीमागं होता. वेल्डरला न सांगताच काय ते कळलं असावं. "डाग द्यायला मशीन आणावं लागेल. आगीला टिकणारं सिमेंट भरलं तरी चालतंय. दोरी देतो. तुम्हीच करा, अवघड नाही," म्हणाला आणि गेला.

नवी शेगडी घरात आली होती त्या दिवशी ही जुनी मागच्या खोलीत न्यायची होती. पुढून नवरा, मागून सून. मागच्या पायरीवर तिचा हात सुटला आणि शेगडी कोपऱ्यानं दगडावर आपटली. नवरा म्हणाला, थांब, बघू काही झालंय का. तेव्हा ती जे म्हणाली होती ते तिला आता शब्दन्‌शब्द आठवलं. चल रे, म्हातारीच्याच खोलीत तर जायचीय.

दुपारभर ती शेगडीपुढं उकिडवी बसली. स्क्रू ड्रायव्हरनं जुनी दोरी खरवडली, खाचेतला गंज तारेच्या ब्रशनं काढला, नवी दोरी चिकटवून दाबून बसवली. भेगेत सिमेंट बोटानं भरलं, आतूनही आणि बाहेरूनही. सासू खाटेवरून बघत होती. मधेच उठून फडकं ओलं करून दिलं.

"नखं गेली गं तुझी," म्हणाली.

सुनेनं आणखी सिमेंट बोटावर घेतलं.

संध्याकाळी नवऱ्यानं हळूच विचारलं, "आईला सांगायचं का?"

"काय सांगायचं?"

"हेच, की शेगडी आपल्या हातून..."

"आपल्या? उगाच वाटून घेऊ नकोस. माझ्या हातून. आणि नीट करून दिली ना? झालं मग."

बोटांच्या पेरांत सिमेंट अडकलं होतं, ते ती उरल्यासुरल्या नखांनी काढत राहिली.

सिमेंट पुरतं वाळू दिलं, मग आधी ढलप्यांचा बारीक जाळ केला, मग एक लाकूड घातलं. चिठ्ठी दारात धरून ओढली तर फाटली. पट्टी आत सारली तर जाळ बसला आणि लाकडाच्या अंगावरून हळू सरकायला लागला. पट्टी उघडली तर उठला. धुराड्यातलं घोंगावणं थांबलं होतं.

"आता ऐकते बघा आई. पट्टी इथपर्यंत सारायची. एवढी उघडी राहू द्यायची. पुरती बंद करायची नाही. कळलं?"

"कळलं."

"नाहीतर धूर मागे फिरेल."

"कळलं गं बाई."

दुसऱ्या दिवशी सून अंगणात ओंडका फोडत होती. कुऱ्हाड उचलताना वर बघितलं तर मागच्या धुराड्यातून धूर नाही. विझली असेल म्हणून तिनं पुन्हा कुऱ्हाड उचलली, आणि मग तिला धूर दिसला. तो मागच्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून येत होता.

खोलीत काही दिसत नव्हतं. तिनं खिडकीची कडी उपटल्यासारखी उघडली आणि सासूच्या काखेत हात घालून तिला ओढत बाहेर पायरीवर आणून बसवलं. सासू खोकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाकाला शालीचं टोक लावलेलं. सून परत आत गेली. हवेची पट्टी टोकापर्यंत बंद. धुराड्यात धूर सोडणारी झडपसुद्धा बंद. तिनं दोन्ही उघडल्या, आणि श्वास कोंडून बाहेर आली.

"सांगितलं होतं ना! पुरती बंद करायची नाही म्हणून! धुरानं माणूस झोपतं ते उठत नाही, माहितीय का? जीव गेला असता तुमचा!"

सासूला खोकल्यातून बोलता येईना. हातानं थांब थांब म्हणाली. मग श्वास मिळाला तशी म्हणाली, "एक लाकूड... सकाळपासून एकच लाकूड पुरवलं गं."

तिनं हे कौतुकानं सांगितलं. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा तिचा चेहरा होता, काजळी लागलेला.

सून तिच्यासमोर उभी होती ती खाली बसली. भेग बुजवली होती तिनं, घट्ट. आणि लाकूड जास्त जाईल या ज्या भीतीनं ही बाई पट्ट्या बंद करत सुटली होती ती तशीच आत ठेवून वरून दार लावलं होतं. शेगडी फुटकी होती तोवर ती भीती नुसती गारठवत होती. आता त्या भीतीनं जीव घेतला असता.

"आई, शेगडी पडली होती. इथं. याच पायरीवर. माझ्या हातून सुटली. तिथंच फुटली ती. लाकडं तुम्ही खात नव्हता."

"हो."

"हो काय?"

"आवाज आला होता की. भांडी हलली फळीवरची."

"तुम्हाला माहीत होतं?"

सासूनं शालीनं डोळे पुसले. ते धुरानं गळत होते की दुसऱ्या कशानं, ते विचारायची सुनेची छाती नव्हती.

"मग एवढं बोलत होते मी, तुमचा मुलगा बोलत होता, तुम्ही एका शब्दानं..."

"बोलले असते तर लाकडं कुणी फोडली असती?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सुनेला उत्तर सापडलं असतं, त्यात ती हुशार होती. सासूनं साधं विचारलं होतं.

धूर निघून गेल्यावर दोघी आत आल्या. निखारे अजून होते. सुनेनं पट्टी मोकळी केली, झडप बघितली, शेगडीचं दार उघडून बाजूला सरकली आणि टोपली सासूकडं ढकलली.

"घाला."

सासूनं टोपलीतलं सगळ्यात बारीक लाकूड उचललं आणि घातलं.

"अजून घाला."

सासूनं दुसऱ्या लाकडाला हात लावला. उचललं नाही. तिनं आधी सुनेच्या तोंडाकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नका हो आई. तुमची शेगडी आहे. घाला."

"घालते," सासू म्हणाली, आणि तिच्याकडं बघतच राहिली. हात लाकडावर तसाच.

सून उठली. खिडकी फटीएवढी उघडी ठेवली, बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि दाराकडं पाठ करून पायरीवर उभी राहिली. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली होती. तिनं ती काढली नाही, आवाज होईल म्हणून. आतून काही ऐकू येईना. ती हातांच्या मुठी काखेत घालून उभी राहिली, थंडीत, कितीतरी वेळ. मग आत शेगडीच्या दाराची खिटी वाजली. ती लाकूड घालून लावली की न घालताच, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आणि दार उघडून बघायची तिला सोय नव्हती; सासूनं पुन्हा आधी तिच्या तोंडाकडं बघितलं असतं.