लाल अंड्याचं वय

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ईस्टर सहा दिवसांवर आला होता, घराघरांत गालिचे अर्धे झटकून पडले होते, पण गावातल्या झाडून साऱ्या बायका इथे माना उंच करून जमल्या होत्या. व्यासपीठावर पांढराशुभ्र कोट घातलेले प्रोफेसर लाझारोव आणि त्यांच्यासमोर खुर्चीत डोळे मिटून बसलेली नेवेना.

प्रोफेसरांनी तिच्या गालावर पारदर्शक जेल थापलं आणि बोटं गोल गोल फिरवू लागले.

"चोळा बाई चोळा, वय झालं गोळा! हे माझं म्हणणं नाही बरं, जिनिव्हाच्या त्वचातज्ज्ञांची शिफारस आहे. साबणानं मळ जातो, यानं वर्षं जातात!"

आणि खरंच, नेवेनाच्या गालावरून करड्या वळ्या सुटायला लागल्या. आधी शेवयांसारख्या बारीक, मग पावाच्या चुऱ्यासारख्या. प्रोफेसरांनी त्या काळ्या बशीत झाडून घेतल्या, बशी उंच धरली आणि डोळे बारीक करून मोजणी केली.

"नऊ वर्षं!"

सभागृहातून "अगं बाई!" असा एकच उसासा उठला.

तिसऱ्या रांगेत बसलेली दोब्रिना मात्र नेवेनाच्या गालावरून नजर काढेना. नेवेना तिची धाकटी जाऊ. दोघींची घरं एकाच अंगणात, मध्ये एक अक्रोडाचं झाड. तीस वर्षांपूर्वी नेवेना लग्न होऊन आली, तेव्हापासून पाहुणा अंगणात आला की आधी नेवेनाकडे बघायचा. गुलाब तोडायला दोघी बरोबर जात, पण गाणं सुचायचं ते नेवेनावर. मुलं नेवेनाला, नात नेवेनाला. दोब्रिनाला मूलबाळ नाही. तिच्या वाट्याला आले ते बारमाही लाल, फुगलेले गाल. त्यावर डॉक्टर हाजीएवांनी मलमाची एक साधी नळी दिली होती. गाल हळूहळू निवतही होते. पण नळीच्या मलमाला कोण टाळ्या वाजवतं?

आता हिची वर्षंसुद्धा नऊ निघाली!

दोब्रिना ताडकन उठली. "माझी काढा."

प्रोफेसरांनी तिच्या गालावर जेल लावलं, चोळलं, बशी धरली. "चार."

"चारच?" दोब्रिनाचा आवाज चिरकला. "मी हिच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे!"

"आपली त्वचा हट्टी आहे, बाई. आधी काही लावत होतात?"

"डॉक्टरांचं मलम."

"तरीच!" प्रोफेसरांनी कपाळावर हात मारून घेतला. "त्या मलमानं वर्षं आतल्या आत चिकटून बसली. ते बंद करा. तीन बरण्या घरी न्या, सकाळ-संध्याकाळ चोळा."

मागून नेवेना हसून म्हणाली, "असू द्या हो जाऊबाई. प्रत्येकीचं नशीब वेगळं."

त्या हसण्यानं जे केलं ते प्रोफेसरांच्या बोलण्यानं झालं नसतं. दोब्रिनानं तीन बरण्या ओढणीखाली दडवून घरी नेल्या आणि मलमाची नळी खिडकीबाहेर भिरकावली.

दोन दिवस ती दार लावून चोळत राहिली. आरशात बघे, वळ्या मोजी, पलीकडच्या खिडकीत नेवेनाची सावली दिसली की आणखी जोरात चोळी. बुधवारी तिचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले आणि आग आग होऊ लागली.

गुरुवारी सकाळी ईस्टरची अंडी रंगवायची होती. हा मान थोरल्या सुनेचा. पहिलं लाल अंडं घरातल्या लहान मुलाच्या गालावर फिरवायचं, म्हणजे मूल वर्षभर टवटवीत राहतं, असं सासूबाई सांगत. अंगणात मूल एकच, नेवेनाची सात वर्षांची नात कालिना. ती दारावर थापा मारत होती.

"मोठी आजी! अंडं झालं का?"

दोब्रिनानं घाईघाईनं बरणी पिठाच्या डब्यामागे सारली, रंगातून पहिलं अंडं काढलं, फडक्यानं टिपलं आणि दार उघडलं. जेलनं माखलेले हात धुवायचे राहिले ते राहिलेच. चकाकी यावी म्हणून ती बोलता बोलता बोटांनी अंडं चोळू लागली.

कालिना टाचा उंचावून बघत होती. "मोठी आजी, थांब! अंड्याचीसुद्धा वर्षं निघाली!"

दोब्रिनानं खाली पाहिलं. लाल कवचावरून गुलाबी वळ्या सुटत होत्या. आधी शेवयांसारख्या, मग चुऱ्यासारख्या.

"किती वर्षांचं आहे गं हे अंडं?"

"कालचं," दोब्रिना पुटपुटली. "ठिपक्यांच्या कोंबडीनं काल दुपारी घातलंय."

तिनं बरणी बाहेर काढली. धुतलेल्या बशीवर बोटभर जेल चोळलं. बशीची वर्षं निघाली. खिडकीच्या काचेवर चोळलं. काचेचीही निघाली. मग वाटाण्याएवढं जेल घेतलं, तर चिमूटभर चुरा. अक्रोडाएवढं घेतलं, तर मूठभर. नेवेनाच्या गालावर त्या माणसानं किती थापलं होतं ते तिला आठवलं, आणि आपल्या गालावर किती, तेही.

ती पोट धरून हसत सुटली. नऊ वर्षं म्हणे! गावभर मिरवते आहे माझी जाऊ, आणि तिच्या सौंदर्याची बरोबरी करते आहे माझी बशी! मिरवू दे. आणखी बरण्या घेऊ दे. मी नाही एक अक्षर बोलायची.

"मोठी आजी, मला लवकर सोड हं," कालिना म्हणाली. "नेवेनाआजी आज मला व्यासपीठावर बसवणार आहे. प्रोफेसर माझी कोपरं चोळणार. डॉक्टरबाईंचं क्रीम आम्ही कचऱ्यात टाकलं."

तिनं बाही वर केली. कोपराची त्वचा खरखरीत, तडकलेली. खाजवून खाजवून दोन ठिकाणी रक्त आलेलं.

दोब्रिनाचं हसू ओठांवरच सुकलं. तिनं स्वतःच्या धगधगत्या गालाला हात लावला. मोठ्या बाईच्या गालाचं हे झालं, तर या कोवळ्या कोपराचं काय होईल? पण बोलायचं म्हणजे साऱ्या गावापुढे कबूल करायचं, की मीही तीन बरण्या घेतल्या, आणि का घेतल्या.

तिनं अंडं रुमालात गुंडाळलं. दर गुरुवारी डॉक्टर हाजीएवा गावच्या दवाखान्यात येत. दोब्रिना आधी तिथे गेली आणि तिनं गाल पुढे केला.

"कोणी केलं हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी. जावेवरच्या जळफळाटानं. चला माझ्याबरोबर."

सभागृहात कालिना खुर्चीत बसली होती आणि प्रोफेसर बाह्या सरसावत होते.

"थांबा!" दोब्रिना गर्दीतून वाट काढत व्यासपीठावर चढली.

नेवेनानं कपाळाला आठ्या घातल्या. "जाऊबाई, आज लेकराच्या वेळीही जळायला आलात?"

"जळत होते गं, तीस वर्षं. आज दाखवायला आलेय." तिनं रुमाल सोडला. "प्रोफेसर, याचं वय काढा."

बायका खुदखुदल्या. प्रोफेसर दचकले. "हे औषध माणसांचं आहे."

मग दोब्रिनानं स्वतःच जेल घेतलं, अंड्यावर चोळलं आणि वळ्या काळ्या बशीत झाडल्या.

"अं... अंड्यालाही त्वचा असतेच," प्रोफेसर म्हणाले.

"मग या बशीला?" दोब्रिनानं घरून आणलेली बशी चोळली. "हिचं लग्न कधी झालं?"

हशा उसळला. डॉक्टर हाजीएवा पुढे आल्या. बरणी फिरवून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली.

"यात जेल घट्ट करणारा पदार्थ आहे, आणि दुसरा केसांच्या कंडिशनरमध्ये असतो तसला. चोळून पाणी आटलं की दोघं एकमेकांना धरतात आणि वळ्या होतात. बोटांचा थोडा मळ लागला की त्या करड्या दिसतात. तुमच्या गालावरून आलं ते तुमचं वय नव्हतं, ते बरणीतलंच बरणीबाहेर आलं. जेल जास्त, वळ्या जास्त. आणि प्रोफेसर, ते जिनिव्हाचे त्वचातज्ज्ञ कोण? एक नाव सांगा."

"त्यांना... प्रसिद्धी आवडत नाही."

"मला आवडते. माझं नाव प्रत्येक चिठ्ठीवर असतं." त्या बायकांकडे वळल्या. "शिफारस हा शब्द कोणीही छापतो. तुम्ही विचारायचं : कोणाची? कशासाठी? किती जणांवर वापरून पाहिलं? गुण नाही आला तर भांडायला कुठे यायचं? माझ्याकडे या, मी दर गुरुवारी इथेच असते. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर आधी तो घरच्या बशीवर करून बघा."

प्रोफेसर बरण्या खोक्यात भरू लागले. कोणीतरी मागून गायलं, "चोळा बाई चोळा, खोकं करा गोळा!"

दोघी जावा कालिनाला घेऊन घरी निघाल्या. वाटेत नेवेना हळूच म्हणाली, "जाऊबाई, मी त्या खुर्चीत का बसले माहीत आहे? त्या मलमानं तुमचे गाल निवळायला लागले होते. माझे हे गेल्या आठवड्यात म्हणाले, वहिनी छान दिसायला लागल्या. मला अन्न गेलं नाही."

घरी पोचल्यावर दोब्रिनानं खिडकीखाली वाकून आपली नळी शोधली आणि पुसून खिशात घातली. कालिनाची कोपरं दोघींनी मिळून धुतली आणि डॉक्टरबाईंनी दिलेलं नवं क्रीम हलक्या हातानं लावलं.

"आता अंडं!" कालिनानं गाल पुढे केला.

दोब्रिनानं ते लाल अंडं धुऊन पुसून तिच्या गालावर फिरवलं.

"यानं मी खरंच टवटवीत राहीन, मोठी आजी?"

"नाही गं राणी. रंग लागेल, तो उद्या धुऊन जाईल. टवटवीत राहायला झोप, जेवण आणि हे क्रीम."

"मग फिरवतेस कशाला?"

"मला तुझ्या गालाला हात लावायला आवडतो, म्हणून."

कालिनानं जरा विचार केला आणि दुसरा गाल पुढे केला. नेवेना हसली. तिच्या डोळ्यांपाशी सुरकुत्यांचं जाळं उमटलं, नऊच्या नऊ वर्षं जागच्या जागी. दोब्रिनानं ती मनातल्या मनात मोजून घेतली, आणि मगच बाकीची अंडी रंगवायला उठली.