कार्यतेज

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मोजमापवाल्या बाई आल्या, त्या एकशे ऐंशी कामगारांची मनं मोजायला. प्रत्येकाबद्दल चोवीस प्रश्न होते: वक्तशीरपणा, कल्पकता, टापटीप, सहकार्य वगैरे. हिशेब मांडला तर सगळे गुण एकत्रच वरखाली होत होते. ज्याला एकात पाचपैकी चार, त्याला सगळ्यांत चार.

"म्हणजे मुळाशी एकच गोष्ट आहे!" मालक हरखले. जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांनी तिचं बारसंही उरकलं. कार्यतेज!

"साहेब, सगळी उत्तरं एका सुरात आहेत, एवढंच आकडा सांगतो," बाई म्हणाल्या. "सूर कशाचा, ते सांगायला सिद्धांत लागतो."

"सिद्धांत मागाहून बसवा. पाट्या छापायला गेल्यात."

बाई तडक खाली सुपरवायझरकडे गेल्या. सगळे फॉर्म त्यानेच भरले होते.

"किती दिवस लागले?"

"दिवस? एक दुपार! चांगल्या माणसाला वरपासून खालपर्यंत चार, वाईटाला दोन."

"आणि कोणी टापटीप असेल, पण उशिरा येत असेल तर?"

"असली भानगड आमच्याकडे नाही."

"तुमचा पुठ्ठा कापायच्या पात्यांचा मिस्त्री? बंद पडलेलं यंत्र तोच चालू करतो म्हणे. त्याला सगळीकडे दोन?"

"हात सोन्याचा आहे हो त्याचा. पण मला उलट बोलतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग कोरे फॉर्म काढून ते गोदामवाल्या मावशींना, दोघा पॅकरना आणि मिस्त्रीच्या जोडीदाराला वाटले. चौघांनी आठवडाभर डोकं खाजवून ते भरले. या वेळी कोणी टापटीप पण आळशी निघाला, कोणी कल्पक पण भांडकुदळ. एक सूर जेमतेम उरला.

मालकांनी नवा कागद उलटसुलट करून पाहिला. "तेज कुठे गेलं?"

"ते कामगारांत नव्हतंच, साहेब. सुपरवायझरच्या आवडीनिवडीत होतं."

मालकांनी कागद खाली ठेवून मान डोलावली. बाईंना वाटलं, चला, डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे," मालक म्हणाले, "त्याच्या हातूनच तेज बाहेर पडतं! यापुढे सगळे फॉर्म त्यानेच भरायचे."

सोमवारी मिस्त्रीची बदली फाटकावर झाली. गुरुवारपासून खोकी तिरकी निघू लागली. सुपरवायझरने यंत्राचाही फॉर्म भरला आणि सगळीकडे दोन दिले.