नाकातला घेवडा

कृष्णात पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर घरी आला, तेव्हा त्याची बायको विजयमाला कोरेगावात माहेरी बाळंत झालेली होती आणि तीन वर्षांची थोरली लेक शालन इस्लामपूरजवळच्या गावी आजीपाशी होती. दहा महिन्यांपूर्वीच्या रजेत शालनला बापाची ओळख पटायला महिना लागला होता. ओळख पटली तोवर रजा संपली होती. आता ती ओळखही पार पुसून गेली होती. दारात ट्रंक उतरवून उभ्या राहिलेल्या मिशाळ माणसाला तिनं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आत जाऊन आजीला वर्दी दिली, "आये, पावनं आल्यात."

"पावनं न्हवं गं, बा हाय तुजा," बनुबाई म्हणाली.

शालन पुन्हा बाहेर येऊन नीट बघून गेली. "न्हाई. पावनंच हाईत."

रविवारी बारसं होतं. बनुबाईला घर सोडता येत नव्हतं, म्हैस आज व्यायची की उद्या अशी टेकली होती. तिनं लेकाला फर्मान सोडलं, "मी आयतवारी येतीया सगळ्यांसंगं. तू पोरीला घिऊन म्होरं हो. आईच्या याडानं चार दिस नीट जेवली न्हाई ती."

"मी एकटा?"

"एकटा कसा? पोरगी हाय की संगं."

मग बनुबाईनं सूचना द्यायला सुरुवात केली. केळं द्यायचं नाही, गाडीत ओकते. खिडकीशी बसवायचं नाही, मुंडकं बाहेर काढते. शू आली म्हणाली की लगेच गाडी थांबवायची, कारण ती आल्यावर सांगत नाही, होत असताना सांगते. झोप आली की तिच्या कानाची पाळी चोळायची, पण उजव्या कानाची. डाव्या कानाला हात लावला की चावते. कृष्णात मान डोलवत होता आणि अर्धं विसरत होता.

शेजारचा लालासाहेब भिंतीवरून हे सगळं ऐकत होता. त्यानं कृष्णातला बाजूला घेतलं. "गड्या, बायकांचं ऐकशील तर पोर डोस्क्यावर बसंल. म्या सात पोरं वाढीवली. एकच सांगतो. पोरगं किरकिराय लागलं की त्याच्याकडं बघायचंच न्हाई. बघितलं की त्येला चेव येतो. न्हाई बघितलं की आपुआप गप."

कृष्णातला हे पटलं. एका दमात सांगता येणारा हुकूम होता. लालासाहेबाची सातही पोरं त्याच्या बायकोनं वाढवली होती आणि तो त्यांच्याकडं एरवीही बघत नसे, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाप-लेक निघाले. कराडपर्यंत शालन झोपली. कराडच्या पुढं तिनं प्रश्न विचारले. तो डोंगर कुणाचा, मिशी रात्री काढून ठेवता का, आमची आई तुम्हाला कशी ठाऊक. कृष्णातनं जमतील तेवढी उत्तरं दिली. साताऱ्याच्या स्टँडवर उतरून कोरेगावची गाडी धरली, तोवर त्याला वाटू लागलं होतं की पोर सांभाळणं हे काही एवढं अवघड काम नाही.

कोरेगावची गाडी खच्चून भरली होती. खिडकीकडची एक जागा मिळाली. शेजारी सयाजी नावाचा एक शेतकरी बसला होता आणि त्यानं आपलं पोतं कृष्णातच्या गुडघ्यांना टेकवून उभं केलं होतं. "बियाणं हाय," त्यानं न विचारता सांगितलं. "वाघ्या घेवडा. मेव्हण्याकडनं आणलाय. शंभर दानं टाका, अठ्ठ्याण्णव उगवत्यात."

गाडी सुटली तशी शालनची किरकिर सुरू झाली. मांडीवर नको. खाली नको. आये पायजे. पाणी पायजे. पाणी दिलं तर हे नको, दुसरं पाणी पायजे. कृष्णातला लालासाहेबाचा उपदेश आठवला. त्यानं शांतपणे तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत विजेचे खांब मोजू लागला. दहाव्या खांबाला किरकिर कमी झाली. विसाव्या खांबाला पार थांबली. कृष्णातनं मनातल्या मनात लालासाहेबाला सलाम ठोकला.

शालन गप्प झाली होती, कारण तिला पोत्याला पडलेलं भोक सापडलं होतं.

"पावनं," थोड्या वेळानं ती म्हणाली, "घेवडा आत गेला."

"कुटं आत?"

तिनं बोट नाकाला लावलं.

कृष्णातनं तिचं तोंड वर करून पाहिलं. डाव्या नाकपुडीत तांबूस पट्ट्यापट्ट्यांचा एक गुळगुळीत दाणा ऐटीत बसला होता. कृष्णात लढाई पाहिलेला माणूस, पण इथं काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं दाणा काढायला करंगळी घातली. मघाशी दाणा दिसत होता, आता दिसेना.

"आवं आवं, काय करताय!" पुढच्या बाकावरची रंगुबाई मागं वळून ओरडली. तिच्या कडेवर एक आणि मांडीवर एक अशी दोन पोरं होती, त्यामुळं तिच्या शब्दाला वजन होतं. "बोट घालू नगासा! आत सरकंल त्यो!"

"सरकला," कृष्णात म्हणाला.

एवढ्यानं साऱ्या गाडीला कळलं. ज्याला ज्याला पोरं होती तो तो बोलू लागला, आणि ज्यांना नव्हती त्यांना भाऊ-बहिणींची पोरं होती. कुणी म्हणालं, उलटी धरून पाठीत दोन धपाटे घाला. कुणी म्हणालं, नाकात गोडंतेल सोडा, सुळ्ळकन येतोय. रंगुबाई म्हणाली, तेल नको, भिजला की फुगतो. फुगतो म्हटल्यावर सयाजीच्या बोलण्याला जोर चढला.

"फुगनार तर! लय जातिवंत बी हाय. ओल लागली का तिसऱ्या दिशी कोंब."

"कोंब?" कृष्णातचा आवाज चिरकला.

"जमीन बरी असंल तर दुसऱ्याच दिशी."

शालनला या चर्चेची गोडी लागली होती. आपल्या नाकात काय उगवणार ते ती लक्ष देऊन ऐकत होती. "मग शेंगा येत्यात?" तिनं विचारलं.

तेवढ्यात मागून एक शिरा ताणलेला हात पुढं आला. हातात पितळी डबी होती. हात नाथाजी नावाच्या म्हाताऱ्याचा होता. "तपकीर हाय. दुसऱ्या नाकाला चिमूट लावा. एक शिंक, काम फत्ते. माझ्या नातवाचा मनी असाच काढला."

"आवं, वढून आत घेतला तर?" रंगुबाई म्हणाली. पण तोवर कृष्णातच्या हातात डबी आली होती. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्यानं ती उघडली आणि शालनच्या तोंडासमोर धरली. "हुंग बाळ."

शालननं डबीत वाकून पाहिलं. हुंगणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, फुंकणं ठाऊक होतं. तिनं गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

पहिली शिंक सयाजीला आली. दुसरी रंगुबाईला. तिची दोन्ही पोरं एकदम शिंकली आणि एकदम रडायला लागली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत "काय चाललंय हितं?" असं विचारत आला होता, तो "काय चा" एवढं बोलला आणि पुढचं त्याला बोलता येईना. तपकीर वाऱ्यावर तरंगत पुढं पुढं गेली. कृष्णा नदीचा पूल ओलांडल्यावर ड्रायव्हरनं लागोपाठ चार शिंका दिल्या, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून खाली उतरून आणखी तीन दिल्या.

साऱ्या गाडीत शिंकली नाही ती एकटी शालन.

"कुनी केलं ह्ये?" नाक पुसत कंडक्टरनं विचारलं. सगळ्यांनी कृष्णातकडं बोट दाखवलं. नाथाजीनंसुद्धा.

कृष्णात पोरीला पोटाशी धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यातल्या काही तपकिरीच्या होत्या. "मास्तर," तो म्हणाला, "पोरीच्या नाकात घेवडा हाय. आईपतूर धड न्यायचीय मला. कायबी करा, पन गाडी पळवा, कोरेगावचा दवाखाना गाठू द्या."

कंडक्टरही पोराबाळांचा बाप होता. त्यानं लगेच घंटीच्या दोरीला हात घातला. तेव्हा अगदी मागच्या बाकावरून एक बाई उठली. काळी, वाळलेली, कपाळभर गोंदण, खांद्यावर घोंगडं. माण भागातली तानुबाई धनगरीण होती ती.

"थांब रं मास्तर जरा. हलत्या गाडीत जमायचं न्हाई," असं म्हणून ती सगळ्यांना बाजूला सारत पुढं आली. तिनं शालनची हनुवटी धरून उजेडाकडं केली. "दिसतोय. लय आत न्हाई. बाबा, माज्या हातानं हजार कोकरांची नाकं मोकळी झाल्यात. माजी पाच पोरं येगळी. त्यात तिघांनी नाकात काय काय घातलं हुतं."

"मग काडा की मावशी, तुमच्या पाया पडतो."

"मी न्हाई. परक्यानं तोंड जवळ न्येलं की पोर दचकून श्वास आत वढतंय. तू काड."

"मी? मला तर पावनंच म्हनती ती!"

"म्हनू दी. मिठी तर तुलाच मारून बसलीया."

खरंच होतं ते. शालनच्या दोन्ही मुठींत बापाच्या सदऱ्याची कॉलर होती. कृष्णातच्या हे आत्ता ध्यानात आलं.

तानुबाईनं सांगितलं ते असं. मोकळी नाकपुडी बोटानं दाबून धरायची. पोरीच्या तोंडावर तोंड असं लावायचं की कुठून वारा सुटता कामा नये. आणि एकदाच, हलकी पण झटक्यात फुंकर मारायची. तोंडातून गेलेला वारा नाकातून बाहेर पडेल आणि दाण्याला घेऊन येईल. "दोनदा करून बग. न्हाई आला तर दवाखाना. मग कुनाचंच आयकायचं न्हाई, माजंबी न्हाई."

सगळं समजलं, पण कृष्णात जागचा हलेना. त्याच्या घरात बाप्यानं चारचौघांत लेकराला मांडीवर घेणंसुद्धा चेष्टेचं होतं. आणि इथं पन्नास माणसांसमोर पोरीचा मुका घ्यायचा! त्याचे कान लाल झाले.

तानुबाईनं ते ओळखलं. ती गाडीकडं वळून गरजली, "तोंडं फिरवा रं समद्यांनी! काय तमाशा हाय का?"

पन्नास माणसांनी तोंडं फिरवली. सयाजीनं तर टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"शाले," कृष्णात हळूच म्हणाला, "मी तुला एक पापा देनार. मोटा. तू तोंड उगडायचं. हं?"

पहिल्या खेपेला मिशी टोचली. शालन खिदळली आणि सगळा वारा कृष्णातच्याच तोंडावर परत आला. त्यानं मिशी दोन्ही बाजूंना वळवून घेतली, नाकपुडी नीट दाबली, डोळे मिटले आणि फूंऽऽ केलं.

टप असा आवाज झाला आणि घेवडा कृष्णातच्या गालावर आदळून खाली पडला.

"आला!" रंगुबाई ओरडली. तोंड फिरवूनही तिला सगळं दिसत होतं. गाडीत एकच गलका झाला. नाथाजी म्हणू लागला की तपकिरीनं तो आधीच सैल झाला होता. कंडक्टरनं घंटी दिली आणि ड्रायव्हरनं उगाचच भोंगा वाजवला. कृष्णातनं तानुबाईच्या पायाला हात लावला, तर ती म्हणाली, "आदी त्या पोत्याचं भोक बुजवा. त्यात आजून पाच शेर हाईत."

सयाजीनं घाईघाईनं भोकावर पाय ठेवला.

आणि शालन? तिनं नाक चोळलं, बापाकडं पाहिलं आणि तोंड उघडलं. "आनिक एकदा."

कोरेगावपर्यंत कृष्णातला चौदा वेळा फुंकर मारावी लागली. खांब मोजायची त्याची हिंमत झाली नाही, तो डोळ्यांत तेल घालून पोरीच्या बोटांकडं बघत होता.

वाटेत त्यानं ठरवलं होतं की विजयमालाला यातलं काही कळू द्यायचं नाही. ओली बाळंतीण, उगाच जीव घाबरायचा. सासुरवाडीच्या दारात चुलतसासऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, कृष्णातनं चूळ भरली, तेवढ्यात शालन आतल्या खोलीत पोचली होती. आईच्या कुशीत शिरून ती एका दमात सांगून मोकळी झाली, "आई, नाकात घेवडा गेला, कोंब येनार हुता, मास्तर शिंकला, ह्यांनी माजा पापा घेतला."

विजयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. तो दारातच तांब्या हातात घेऊन उभा होता. आता बोलणी बसणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पण ती हसायला लागली. हसता हसता तिनं पोट धरलं, "अगं बया, दुखतंय," म्हणाली आणि तरी हसतच राहिली. पाळण्यातलं पोरगं त्या आवाजानं जागं झालं.

"आवं, तुमी गाडीत पापा घेतला? समद्यांम्होरं?"

"तोंडं फिरवली हुती त्यांनी," कृष्णात म्हणाला.

तिनं डोळे पुसले आणि पाळण्याकडं हात केला. "आता ह्याला घ्या. आदी मानंखाली हात घाला. तसा न्हाई, असा."

बातमी मात्र घरात राहिली नाही. रंगुबाई कोरेगावचीच निघाली, दोन आळ्या पलीकडची. रविवारी बारशाला बायका जमल्या तेव्हा पाळण्याइतकीच गर्दी कृष्णातभोवती होती. म्हैस व्याली म्हणून खुशीत आलेली बनुबाई लेकाचं कौतुक ऐकून चकित झाली. कृष्णातही आता मोकळा झाला होता. फुंकर हलकी हवी, नाकपुडी दाबायला विसरू नका, दोनदा करून न आलं तर दवाखाना, असं तो सात पोरांच्या आयांना सांगत होता, आणि त्या मान डोलवत होत्या.

घुगऱ्या वाटून होताहेत तोच गल्लीतून बिराप्पा नावाचा एक तरणा बाप धावत आला. काखोटीला दोन वर्षांचं पोरगं रडत होतं. "कुटं हाईत ते फुंकर मारनारं जावई?"

गर्दीनं वाट करून दिली. कृष्णात मिशी सावरत उठला. "कंची नाकपुडी?"

"नाक न्हवं ओ. कानात. चिंचोका घातलाय."

साऱ्या बायका कृष्णातकडं बघू लागल्या. त्यानं पोराच्या कानात डोकावून पाहिलं. करंगळी आपसूक वर उठली होती, ती त्यानं मुठीत दाबून धरली.

"कानाचं मला काय ठावं न्हाई, गड्या," तो म्हणाला. "चल, दवाखान्यात मी येतो संगं."