कवडूजींच्या कानाला लागणारा पेचकस

"तिसरी खेप आहे गा ही! कन्हानच्या पुलावर गाडी अजून मिसिंग मारून, झटके देऊन राहिली," रामाजी टॅक्सीवाले पुटपुटले. कवडूजी मिस्त्रींच्या अगदी कानाशी. ऐकलं मात्र मीच.

मित्रांनो, मी एक जुना पेचकस. हातभर लांब, बाभळीच्या मुठीचा. साठ साली कामठीच्या लोहारानं मला ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलं. माझं काम स्क्रू फिरवायचं; पण महाल वस्तीतल्या कवडूजींनी मला वेगळीच नोकरी दिली. चालू इंजिनाला माझं टोक लावायचं, मूठ कानाला, आणि एकेका प्लगची वायर काढून बघायची. वायर निघाली की इंजिनाचा सूर पडतो. जिच्यानं पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच झोपलेला.

तेव्हा माझ्या अंगातून लांबच्या नदीसारखी घरघर वाहत जाई. मिस्त्री डोळे मिटून तिच्या काठी बसल्यासारखे दिसत. शेजारचा चहावाला स्टोव्हला पंप मारायचा थांबे. "तीन नंबर!" मिस्त्री म्हणत, आणि तीन नंबरच निघे.

अशी सतरा-अठरा वर्षं गेली. मला गंज चढला की ते रॉकेलनं पुसत. त्यांच्या कानांचं कोण बघणार?

मागच्या खेपेला त्यांनी रामाजींचा धडधाकट दोन नंबरचा प्लग बदलला. मेला होता तीन नंबर. थरथर मी मुठीपर्यंत पोचवली होती हो. पुढचं दार बंद होतं. पूर्वी त्यांना ऐकू यावं म्हणून गल्ली गप्प बसे. आता ऐकू येत नाही, म्हणून गप्प बसते.

आजही चारही वायरी काढून झाल्या.

"दोन नंबर," मिस्त्री म्हणाले, पण मलाच विचारल्यासारखं.

चहावाल्यानं मान खाली घातली. रामाजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. ही गाडी आता दुसऱ्या मिस्त्रीकडे जाणार, आणि तिच्यामागून बाकीच्याही, हे मला कळलं.

तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या सुभद्राबाईंनी, मिस्त्रींच्या बायकोनं, मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. मूठ पदरानं पुसली आणि स्वतःच्या कानाला लावली.

"काय करून राहिली वं?" मिस्त्री दचकले.

बाई त्यांच्याजवळ वाकल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमाले ऐकू येत नाही जी! वायरी तुमी काढा. मी ऐकतो."