दोन डोंगरांचा गालिचा

मित्रांनो, मी एक जुना लोकरी गालिचा आहे, आणि मला स्वस्थ पडून राहता येत नाही. गालिच्याला पडून राहण्याखेरीज दुसरं काम ते काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण माझं अर्धं आयुष्य गुंडाळण्यात आणि उलगडण्यात गेलं. अजूनही शेजारून कुणी चपला ओढत गेलं की मला वाटतं, झालं, आली आपली निघायची वेळ.

सध्या मी अबू धाबीत, खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या हॉलमध्ये असतो. जन्म मात्र दूरचा, मोरोक्को देशातल्या मधल्या ॲटलास डोंगरातला. तिथल्या लोकांना जग बर्बर म्हणतं; ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. बायका घरातच उभा माग लावतात आणि मेंढीची लोकर न रंगवता, एकेक गाठ मारून, बोटभर जाडीचे गालिचे विणतात. दुधासारखी जमीन आणि तिच्यावर काळपट रेघांच्या शंकरपाळ्यासारख्या चौकटी. बेनी ओरेन नावाच्या टोळ्यांची ही रीत. लोक तो गालिचा अंथरतात आणि थंडी वाढली की पांघरतातही.

मीही असाच आहे. पण तीन हिश्शांपर्यंतच. वरचा चौथा हिस्सा अगदी वेगळा आहे. तिथे माझी लोकर आखूड होते, पांढरा रंग संपतो आणि केशरासारखा पिवळा सुरू होतो. त्यात विटकरी पट्टे, मधे मधे सपाट वीण. जणू दोन गालिचे एकमेकांना चिकटले आहेत.

हे असं का झालं, ते मला ठाऊक नव्हतं. मागावर असेपर्यंत मी नुसते धागे होतो. उभे धागे कापून मला खाली उतरवलं, तेव्हा कुठे मला जाग आली. जन्माआधीचं कुणाला आठवतं? मला आठवते ती इत्तो नावाची एक तरुण बाई, तिचं तान्हं बाळ, आणि तिची सासू. सासू मला अंथरताना पिवळा भाग नेहमी आत दुमडायची. ते बाळ माझ्यावरच रांगलं, आणि आणखी काय काय केलं ते इथे सांगत नाही. पण त्या दुमडीत पडल्या पडल्या मी मनात कुढायचो. माझं काय चुकलं होतं?

वर्षं गेली. इत्तोचं घर डोंगरातून शहरातल्या दोन खोल्यांत गेलं. तिथे मला पूर्ण पसरायलाही जागा नव्हती. मग मी विकला गेलो.

माराकेशच्या एका दुकानात मला पहिल्यांदा इतर गालिचे भेटले. अझिलालकडचे पांढरेच, पण अंगावर रंगीत खुणा, लहान मुलाने भिंतीवर चित्रं काढावीत तशा. बुजादचे गुलाबी-लाल, एकही रेघ सरळ नाही. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणलेलेही होते. त्यांच्याइतकं आनंदी कुणीच नव्हतं. एके दिवशी दुकानदाराने दक्षिणेतल्या दुसऱ्या डोंगरातल्या ताझनाख्तचा गालिचा उलगडला आणि मी दचकलो. तोच पिवळा, तेच पट्टे, तीच आखूड लोकर! माझा चौथा हिस्सा तिकडचा होता.

पण मी तर तिकडे कधी गेलोच नव्हतो. मग मी कुठला? गिऱ्हाइकं विचारत, "हा कुठला?" दुकानदार कधी हे नाव सांगे, कधी ते. ज्याला पांढरा हवा त्याला पिवळा खुपे, ज्याला पिवळा हवा त्याला पांढरा. त्या प्रश्नाने माझी झोप उडाली ती उडालीच.

शेवटी एका कंटेनरमधून मी दुबईला आलो, रास अल खोरच्या गोदामांमधल्या एका गोदामात. मालक नूरुद्दीन, केरळचे. विक्रीचं काम बघायची ॲनेट, वसईची. दुबईतल्याच अल मनखूल भागात नवरा शेल्डनबरोबर राहायची आणि रोज सकाळी हातात कॉफीचा कप घेऊन धावतपळत यायची. आणि एका कोपऱ्यात गादीवर बसलेले रफूगर खैरुद्दीनचाचा. हे अफगाणिस्तानचे. त्यांची नजर मंदावली होती, पण अंगठा फिरवून ते गालिच्याचं गाव सांगत.

ॲनेटने एका घरासाठी माझे फोटो पाठवले. फोटोत फक्त पांढरा भाग होता. घरमालकीणबाईंना तो आवडला. गुरुवारी पोचवायचं ठरलं.

सोमवारी नूरुद्दीन माझ्यासमोर उभे राहिले. "ॲनेट, ये पीला वाला हिस्सा कटवा दो. कस्टमर को प्युअर बेनी ओरेन चाहिए. काटो, किनारा बांधो, खलास. फिर सर्टिफिकेट पर तुम साइन कर दो."

माझ्या अंगातली गाठ न् गाठ आवळली.

चाचांनी मला उलटा पसरला. खडूने आडवी रेघ ओढली. मग पाठीवरून अंगठा फिरवत रेघेपर्यंत आले आणि थांबले. पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले.

"मॅडम, इधर आओ. ये एक हाथ का काम नहीं है."

"मतलब, चाचा?"

"नीचे जिसने बुना, वो धागे ठोकने की फणी हलके मारती थी. ऊपर वाली का हाथ भारी है. बहुत पुराना हाथ. दो औरतें हैं इसमें."

ॲनेट गुडघ्यावर बसली. तिनेही माझ्या पाठीवर हात फिरवला. मग तिचं लक्ष माझ्या कोपऱ्यातल्या कापडी चिठ्ठीकडे गेलं. तिच्यावर मला विकणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर होता. नाव होतं यहया.

ऑफिसात जुलेखा नावाची, दुबईत वाढून हिंदी शिकलेली मोरोक्कोची मुलगी होती. तिच्या आईची भाषा दक्षिणेतली अमाझिग. ॲनेटने तिच्याकडून यहयाला मेसेज पाठवला, सोबत माझा पूर्ण फोटो. 'हा गालिचा कुणी विणला? वरचा भाग वेगळा का?'

मंगळवारी उत्तर आलं नाही. बुधवारी दुपारी नूरुद्दीन दारातून ओरडले, "चाचा, कल डिलिव्हरी है, यल्ला, जल्दी!" चाचांनी कात्रीला धार लावली. मग चहा मागवला. तो संपल्यावर आणखी एक मागवला. मित्रांनो, दुसऱ्या कपातला चहा एवढा सावकाश पिणारा माणूस मी पाहिला नाही.

तेवढ्यात जुलेखा फोन घेऊन धावत आली. "आ गया! यहया की अम्मी का व्हॉइस नोट है."

तिने स्पीकर लावला. आणि मी तो आवाज ओळखला. थकलेला होता, पण इत्तोचाच.

जुलेखा एकेक वाक्य ऐकून सांगू लागली. इत्तोचं माहेर ताझनाख्तकडचं. तिचा नवरा तिकडे खाणीत कामाला आला होता. लग्न करून तिला आपल्या डोंगरात घेऊन गेला. सासूने तिला तिकडची वीण शिकवली. मी मागावर असतानाच तिला दिवस भरले. बाळंतपणाला आई दोन दिवसांचा प्रवास करून आली आणि बर्फ पडून रस्ते बंद झाले. इत्तो बाळंतीण, खाटेवर. माग तसाच उभा. आईला रिकामं बसवेना. ती मागाशी जाऊन बसली. पण इकडची वीण तिला येत नव्हती, म्हणून तिने आपली विणली. रंगवलेली लोकर तिने लेकीसाठी माहेरून आणलीच होती.

"सास बोली, खोल डालो," जुलेखा सांगत होती. "वो बोलती है, मैंने खोलने नहीं दिया. वो बच्चा यही यहया था. और माँ फिर कभी नहीं आ सकी."

मग शेवटचं वाक्य आलं. जुलेखाने तेही सांगितलं.

"बोलती है, गालिचा अब आपका है. काटना है तो काटो. लेकिन काटोगे, तो वो टुकड़ा मुझे भेज देना."

चाचांनी कात्री उशीखाली सरकवली. नूरुद्दीन दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग व्यापाऱ्यासारखं विचारलं, "कस्टमर ने वापस किया तो?"

"तो मैं लेकर आऊंगी, सर. पर प्युअर लिखकर साइन नहीं करूंगी."

पुढच्याच महिन्यात ॲनेटचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. नोकरी गेली तर दोघांना वसईची वाट धरावी लागली असती. हे तिलाही माहीत होतं आणि नूरुद्दीननाही. "तुम्हारी जिम्मेदारी," एवढं म्हणून ते आत गेले.

गुरुवारी मी या घरात आलो. हेमाताई आणि त्यांचे यजमान विष्णू, दोघेही सोलापूरचे. मुलगी श्रिया इथेच वाढलेली. ॲनेटने मला पूर्ण उलगडला आणि सगळं खरं सांगितलं.

हेमाताईंचा चेहरा पडला. "अगं पण ॲनेट, मी मॅचिंग कुशन्स आणलेत. हे यलो कुठे बसवू मी?"

"मॅडम, नको असेल तर आत्ता परत नेते. पण लपवून द्यायला मला नाही जमणार."

विष्णूंनी जरा विचार केला. "राहू दे ना. पिवळी बाजू सोफ्याखाली टाकू. कुणाला दिसतंय?"

झालं! मी राहिलो. ॲनेटची नोकरीही राहिली. पण माझा तो चौथा हिस्सा पुन्हा अंधारात गेला, आणि त्याच्यावर तीन माणसांचा जड सोफा.

दोन वर्षं गेली. पांढऱ्या भागाचं कौतुक व्हायचं. पाहुणे अनवाणी चालून बघायचे. दर शुक्रवारी व्हॅक्यूम फिरायचा, तोही सोफ्याच्या कडेपर्यंतच. खाली काय चाललं होतं ते फक्त मला ठाऊक होतं. जिथे उजेड नाही, वारा नाही, पाऊल नाही, तिथे कसर येते. बारीक अळ्या लोकर कुरतडतात आणि आवाजही होत नाही. मी किती तळमळलो! पण गालिच्याला ओरडता येत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात हेमाताईंची आई तीन महिन्यांसाठी आली. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात त्यांची तीस वर्षं गेली. इथे त्यांना करायला काहीच नव्हतं. भाजी निवडायला घेतली की हेमाताई म्हणत, "आई, राहू दे गं, मेड येते." झाडू घेतला की, "आई, तू बस ना जरा." त्या बसायच्या. हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत. त्यांची ती चुळबुळ मला चांगलीच समजायची.

एका दुपारी हेमाताई ऑफिसात होत्या. आजींनी श्रियाला हाक मारली. "ये गं, हा सोफा जरा सरकवू."

"आजी, डोन्ट! इट्स डस्टी देअर."

"धूळ आहे म्हणूनच."

सोफा सरकला. दोन वर्षांनी त्या भागावर ऊन पडलं. आजी खाली बसल्या, त्यांनी लोकरीवरून हात फिरवला आणि लोकर मुठीमुठीने हातात आली. तळहाताएवढी तीन भोकं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "कसर लागलीय ह्याला. एवढं कुणी जीव ओतून केलं, आणि हे असं?"

संध्याकाळी हेमाताईंनी ते पाहिलं आणि पर्स हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी आईला त्या दुसऱ्या आईची गोष्ट सांगितली. 'आईला रिकामं बसवेना,' इथे आल्यावर त्या थांबल्या आणि आपल्या आईच्या हातांकडे बघू लागल्या. आजी पिवळ्या लोकरीवरची धूळ पदराने पुसत राहिल्या.

दोन दिवसांनी ॲनेट खैरुद्दीनचाचांना घेऊन आली. मला अंगणात उन्हात टाकलं, झटकलं, ब्रश केला. चाचांनी भोकांत नवे उभे धागे ताणले. पिवळी लोकर रंगवून आणली होती. जुन्या पिवळ्यापेक्षा ती जरा उजळच होती. चाचा एकेक गाठ मारू लागले. आजी समोर बसून बघत होत्या. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, "मी घालू का एक ओळ?"

"आई, तू कशाला—" हेमाताई म्हणाल्या, आणि त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मग त्यांनी आईच्या पाठीशी उशी आणून ठेवली.

चाचांना मराठी येत नव्हतं, आजींना हिंदी जेमतेम. पण धाग्याचं बोलणं दोघांना येत होतं. चाचांनी एकदा गाठ दाखवली. दुसऱ्यांदा दाखवावी लागली नाही. श्रिया शाळेचा गणवेशही न बदलता शेजारी बसली. "आजी, हाउ डू यू डू इट सो फास्ट? शो मी." आजी हसल्या. त्या आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. तिसरं भोक भरायला त्यांना चार दिवस लागले. त्या ओळी थोड्या वाकड्या आहेत. चाचांनी त्या सरळ करायला नकार दिला.

आता आजी सोलापूरला परतल्या आहेत. सोफा मागे, भिंतीला टेकला आहे. दर दोन महिन्यांनी हेमाताई मला फिरवतात, म्हणजे पावलं सगळीकडे सारखी पडतात. घरी आलेल्या कुणी "हा कुठला?" असं विचारलं, की त्या खाली बसून माझा कोपरा उलटतात आणि पाठीवर बोट ठेवून सांगू लागतात. मी अजूनही तेवढाच अस्वस्थ असतो, पण आता भीतीने नाही. पुढचं पाऊल कुणाचं पडेल, याच्या उत्सुकतेने.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी चादर, सतरंजी, गोधडी असेल. ती कुठली, कुणी केली, ते विचारा; सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा. ऊन दाखवा, झटका, उलटून पाहा. आणि घरात कुणी मांडीवर हात ठेवून गप्प बसलेलं दिसलं, तर त्यांना "तुम्ही बसा" म्हणू नका. त्यांच्या हातात काम द्या.